चिपचा धूर, सर्व्हरची वीज

ठाणे-बेलापूर रस्त्याने ऐरोलीहून तुर्भ्याकडे निघालं, की डाव्या हाताला एमआयडीसी लागते. एके काळी हा पट्टा रसायनं, औषधं आणि कापडाच्या कारखान्यांचा. आता त्यांच्यामधल्या भूखंडांवर वेगळ्याच इमारती उभ्या राहिल्या आहेत. कित्येक मजली, पण खिडक्या जवळजवळ नाहीतच. गच्चीवर चिलरची रांग, मागच्या अंगाला डिझेल जनरेटर, आवारातच विजेचं स्वतंत्र उपकेंद्र आणि आत माणसं मोजकी. ही डेटा सेंटर्स. देशातल्या डेटा सेंटर क्षमतेपैकी साधारण निम्मी एकट्या मुंबई-नवी मुंबईत आहे. समुद्राखालून येणाऱ्या इंटरनेटच्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, बँका आणि शेअर बाजार इथेच आहेत, आणि मुंबईची वीज सहसा जात नाही. 12 ऑक्टोबर 2020 रोजी ती काही तास गेली, तर देशभर बातमी झाली.

या इमारतींना चिमणी नसते. त्यांचा धूर चंद्रपूर-कोराडीसारख्या औष्णिक केंद्रांतून निघतो, आणि त्याचा दुसरा हिस्सा तैवान-कोरियातल्या चिप कारखान्यांतून. संगणकाच्या कार्बन फूटप्रिंटच्या अशा दोन बाजू आहेत. एक यंत्र बनवतानाची, दुसरी ते चालवतानाची. उपाय सुचवणारे बरेचदा एकच बाजू धरून बोलतात. कुणी सांगतं, जुनं यंत्र बदला, नवं कमी वीज खातं. दुसरा सांगतो, नवं घेऊच नका, ते बनवतानाच प्रदूषण होतं. दोघांचंही म्हणणं बरोबर असू शकतं. प्रश्न आहे तो कोणत्या यंत्राबद्दल आणि कोणत्या गावी बोलतोय याचा.

आधी आकाराचा अंदाज घेऊ. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबानुसार 2024 मध्ये जगभरच्या डेटा सेंटर्सनी सुमारे 415 अब्ज युनिट वीज वापरली, म्हणजे जगाच्या एकूण विजेच्या साधारण दीड टक्का. 2030 पर्यंत हा आकडा 945 अब्ज युनिटच्या आसपास जाईल, असा त्याच संस्थेचा अंदाज आहे. जगाच्या मानाने दीड टक्का किरकोळ वाटतो. पण डेटा सेंटर्स जगभर सारखी पसरलेली नाहीत, ठरावीक शहरांत दाटीने उभी आहेत. आयर्लंडमध्ये 2015 साली देशाच्या विजेपैकी 5 टक्के वीज डेटा सेंटर्सना जात होती. 2023 मध्ये 21 टक्के. तिथल्या शहरी घरांनी सगळी मिळून वापरली त्याहून ही जास्त भरली.

आपल्याकडे 100 मेगावॉटचं एक डेटा सेंटर पूर्ण भाराने वर्षभर चाललं, तर 87 कोटी 60 लाख युनिट लागतात. भारतीय ग्रिडवर एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कारण आपली सत्तर टक्क्यांहून जास्त वीज अजून कोळशाची आहे. गुणाकार केला की एका इमारतीपोटी वर्षाला सहा लाख टन.

दोन ग्रॅमची चिप

यंत्र बनवतानाची बाजू आधी पाहू, कारण ती ग्राहकाच्या नजरेला पडतच नाही. 2002 साली एरिक विल्यम्स, रॉबर्ट एअर्स आणि मिरियम हेलर या संशोधकांनी एका साध्या मेमरी चिपचा कच्चा-पक्का हिशेब मांडला. चिप 32 मेगाबाइटची, वजन 2 ग्रॅम. ती बनवायला आणि चालवायला मिळून 1,600 ग्रॅम जीवाश्म इंधन आणि 72 ग्रॅम रसायनं लागतात. शिवाय नुसत्या निर्मितीत 32 लिटर पाणी. मोटारीचं किंवा फ्रिजचं असं गणित मांडलं, तर खर्ची पडलेल्या मालाचं वजन वस्तूच्या काही पट भरतं. इथे ते शेकडो पट भरलं.

एवढं का लागतं, हे कारखान्यात काय चालतं ते पाहिल्यावर कळतं. सिलिकॉनची 300 मिलिमीटर व्यासाची चकती, म्हणजे वेफर, शेकडो टप्प्यांतून जाते. त्यात महिने जातात. थर चढवायचा, प्रकाशाने नक्षी उमटवायची, नको तो भाग कोरून काढायचा, धुवायचं, पुन्हा थर. आजच्या सर्वांत बारीक चिपसाठी 13.5 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश लागतो. तो मिळवायला वितळलेल्या कथलाचे थेंब सेकंदाला 50,000 या वेगाने निर्वात पोकळीत सोडतात आणि प्रत्येक थेंबावर लेझरचा मारा करतात. लेझरच्या शक्तीतला जेमतेम एखादा टक्का उपयोगी प्रकाश होऊन पुढे जातो, बाकीची उष्णता. ती बाहेर काढायला पुन्हा वीज. अशा एका यंत्राची भूक मेगावॉटच्या घरात असते. सर्वांत प्रगत चिप बनवणारी टीएसएमसी ही एकटी कंपनी तैवानच्या एकूण विजेपैकी साधारण 8 टक्के वीज वापरते, आणि तैवानची वीज मुख्यतः कोळसा आणि नैसर्गिक वायूवर चालते.

विजेखेरीज वायूंचाही भाग मोठा आहे. थर चढवणाऱ्या कक्षाच्या भिंतींवर पुटं जमतात, ती साफ करायला नायट्रोजन ट्रायफ्लुओराइड वापरतात. कक्षात याचे रेणू फोडून फ्लोरिन मोकळा करायचा, तो पुटं खातो. न फुटलेला वायू निसटला, तर शंभर वर्षांच्या हिशेबात त्याचा एक किलो सुमारे 17,000 किलो कार्बन डायऑक्साइडइतकं काम करतो. नक्षी कोरायला लागणारा कार्बन टेट्राफ्लुओराइड तर एकदा हवेत गेला की 50,000 वर्षं राहतो. म्हणून चांगल्या कारखान्यात प्रत्येक यंत्राच्या बुडाशीच भट्टी बसवलेली असते. निघालेला वायू तिथल्या तिथे जाळून, धुऊन मगच बाहेर सोडतात. चिप उद्योगाचा धूर कमी करायचा, तर या भट्ट्या सर्वत्र बसवणं आणि कारखान्यांना स्वच्छ वीज मिळणं, ही दोन कामं पहिली.

फोनचं गणित वेगळं, सर्व्हरचं वेगळं

आता दोन्ही बाजू तोलून पाहू. स्मार्टफोन रोज पूर्ण चार्ज केला, तरी वर्षाला सात युनिटदेखील लागत नाहीत. कोळशाची वीज धरली तरी वर्षाला पाच किलोच्या आत कार्बन. उलट तो बनवताना साधारण 50 किलो हवेत गेलेला असतो. लॅपटॉप दिवसाला आठ तास चालवला तर वर्षाला 30-40 युनिट लागतात, म्हणजे 25 किलोच्या आसपास. बनवतानाचे मात्र 150 ते 250 किलो. थोडक्यात, आपल्या हातातल्या यंत्रांचा बहुतेक धूर ती खोक्यातून बाहेर येण्याआधीच निघून गेलेला असतो. चार्जर भिंतीत राहिला म्हणून हळहळणाऱ्याने दर दोन वर्षांनी फोन बदलला, तर त्या हळहळीचा काही उपयोग नाही.

सर्व्हरचं तसं नाही. तो रात्रंदिवस चालतो. सरासरी 400 वॉट घेणारा सर्व्हर धरा. त्याला थंड ठेवण्याचा खर्च मिळवून 600 वॉट. वर्षाला 5,256 युनिट, म्हणजे महाराष्ट्रात साधारण 3.7 टन कार्बन. पाच वर्षांत अठरा टनांवर. तो बनवताना एक ते चार टन गेलेले असतात; आत एसएसडी जितक्या जास्त, तितका आकडा वर जातो. म्हणजे आपल्याकडे सर्व्हरच्या बाबतीत चालवण्याची बाजू चांगलीच जड आहे. पण हाच सर्व्हर नॉर्वेत नेला, जिथे जवळजवळ सगळी वीज जलविद्युत आहे, तर वर्षाला दोनशे किलोच्या आत भागतं आणि पारडं फिरतं. तिथे तो जितकी वर्षं चालेल तितकी चालवणं शहाणपणाचं.

मोठ्या कंपन्यांनी अलीकडे सर्व्हरचं आयुष्य वाढवलंच. गुगलने 2023 मध्ये ते चार वर्षांवरून सहा वर्षं केलं. मायक्रोसॉफ्टने आदल्याच वर्षी तेवढंच. त्यात हिशेबाच्या वहीतला फायदा मोठा होता हे उघड आहे, पण धूरही वाचतो. मायक्रोसॉफ्टने 2018 मध्ये स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांजवळ 864 सर्व्हर एका बंद नळकांड्यात घालून समुद्रतळाशी ठेवले आणि 2020 मध्ये वर काढले. जमिनीवरच्या तशाच सर्व्हरच्या मानाने बिघडलेल्यांचं प्रमाण एक-अष्टमांश निघालं. आत कोरडा नायट्रोजन होता आणि धक्का मारायला माणूस नव्हता, ही त्याची कारणं असावीत असं कंपनीचं म्हणणं. मायक्रोसॉफ्टने समुद्रात डेटा सेंटर्स काही उभी केली नाहीत, पण दमटपणा आणि गंज यंत्राचं आयुष्य किती खातात ते दिसलं. खाडीकाठच्या नवी मुंबईला हे सांगायला नको.

थंडाव्याचं बिल

डेटा सेंटरमध्ये शिरलेली वीज दोन वाटांनी जाते. काही प्रत्यक्ष संगणकांना मिळते, उरलेली चिलर, पंखे, पंप, यूपीएस आणि दिवे घेतात. एकूण विजेला संगणकांच्या विजेने भागलं की जो आकडा येतो त्याला पीयूई म्हणतात. 2007 पासून हा मापदंड रूढ झाला. आदर्श आकडा 1. जगाची सरासरी गेली काही वर्षं 1.55 ते 1.6 यांच्या दरम्यान अडकून बसली आहे. गुगलच्या सर्व केंद्रांची सरासरी 1.1 च्या आसपास आहे. संगणकांचा भार 10 मेगावॉट असलेल्या केंद्राने पीयूई 1.6 वरून 1.3 वर आणला, तर वर्षाला 2 कोटी 63 लाख युनिट आणि 18,000 टनांवर कार्बन वाचतो.

यातलं बरंचसं काम अगदी साधं असतं. सर्व्हर रॅकमध्ये एकावर एक बसवलेले असतात. ते पुढून थंड हवा ओढतात आणि मागून गरम हवा फेकतात. म्हणून रॅकच्या रांगा तोंडाला तोंड आणि पाठीला पाठ अशा लावतात. एक गल्ली थंड, पुढची गरम. आता रॅकमध्ये एखादी जागा रिकामी राहिली, तर त्या फटीतून मागची गरम हवा पुढे येते आणि वरच्या सर्व्हरच्या नाकात शिरते. तो तापतो, मग ऑपरेटर अख्ख्या हॉलचं तापमान दोन अंशांनी खाली आणतो. एका फटीसाठी सगळा हॉल गारठतो. त्या फटीवर बसवायची प्लास्टिकची पट्टी, तिला ब्लँकिंग पॅनेल म्हणतात, किरकोळ किमतीत मिळते. तरी ती न बसवलेले रॅक अनेक सर्व्हर रूममध्ये दिसतात, आणि स्वेटर घालून काम करणारी मुलंही. यंत्रांना एवढी थंडी लागतच नाही. वातानुकूलन अभियंत्यांच्या अ‍ॅश्रे या संस्थेने 2008 मध्येच सर्व्हरमध्ये शिरणाऱ्या हवेसाठी 18 ते 27 अंशांची शिफारस केली आहे.

स्वीडन-फिनलंडमध्ये वर्षातले कित्येक महिने बाहेरची हवा आत घेतली की भागतं. मुंबईत ते जमत नाही, आणि अडचण नुसत्या तापमानाची नाही. नागपुरात मे महिन्यात कूलर मजेत चालतो, मुंबईत तोच कूलर घामाच्या धारा लावतो, कारण हवेत आधीच इतकी वाफ असते की पाण्याचं बाष्पीभवन नीट होत नाही. पाणी उडवून थंडावा मिळवणारी यंत्रणा इथे वर्षातले बरेच दिवस लंगडी पडते. जिथे हवा कोरडी तिथे ती चालते, पण तिथे पाण्याचीच ओरड असते. एक वाचवावं तर दुसरं जातं.

यातून निघणारा रस्ता म्हणजे हवेला मधून काढून टाकायचं. पाणी हवेपेक्षा कितीतरी जास्त उष्णता वाहून नेतं. ते बारीक नळ्यांनी थेट प्रोसेसरवर बसवलेल्या धातूच्या पट्टीतून खेळवलं, तर बर्फाळ पाण्याची गरज उरत नाही. बऱ्यापैकी कोमट पाणीही काम करतं, आणि ते थंड करायला चिलर फारसा चालवावा लागत नाही. पुण्याच्या आयसरमध्ये 2019 मध्ये सी-डॅकने बसवलेला परम ब्रह्म हा महासंगणक असाच द्रवाने थंड होतो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांना आता दुसरा पर्यायही राहिलेला नाही. नेहमीचा रॅक 5 ते 10 किलोवॉट घेतो. एन्व्हिडियाच्या 72 जीपीयूंच्या एका रॅकला सुमारे 120 किलोवॉट लागतात. एवढी उष्णता पंख्याने निघत नाही.

रिकामटेकडे सर्व्हर

पीयूई 1.1 वर आणला म्हणजे गड जिंकला असं नाही. पीयूई इतकंच सांगतो, की वीज सर्व्हरपर्यंत पोचली. सर्व्हर तिचं काय करतो, हे तो सांगत नाही. गुगलच्या लुईझ बारोसो आणि उर्स होल्झले यांनी 2007 मध्ये दाखवून दिलं, की सर्व्हर बहुतेक वेळ 10 ते 50 टक्के क्षमतेवरच चालतात आणि काहीच काम नसतानाही पूर्ण भाराच्या जवळपास निम्मी वीज घेतात. त्यानंतरच्या यंत्रांत सुधारणा झाली, पण मुद्दा शिल्लक आहे. जोनाथन कूमी आणि जॉन टेलर यांनी 2015 मध्ये सुमारे चार हजार सर्व्हर तपासले, तेव्हा त्यांतल्या 30 टक्के सर्व्हरनी सहा महिन्यांत कुठलंच उपयोगी काम केलेलं नव्हतं. प्रकल्प संपला, माणूस नोकरी सोडून गेला, सर्व्हर चालूच. बंद केला आणि काही अडलं तर कोण उत्तर देणार, म्हणून कुणी हात लावत नाही.

असे सर्व्हर शोधून बंद करणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय. त्यानंतर दहा अर्धवट भरलेल्या सर्व्हरचं काम तीन भरलेल्यांवर आणायचं. व्हर्च्युअलायझेशनने ते सोपं झालं आहे. कंपनीच्या तळघरातला जुना सर्व्हर बंद करून काम चांगल्या चालवलेल्या मोठ्या केंद्रात नेलं, तर वीज सहसा कमीच लागते. मात्र जुना खरोखर बंद करायला हवा.

बाद झालेल्या यंत्रांकडेही लक्ष हवं. 2022 मध्ये जगात 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा निघाला आणि त्यातला जेमतेम 22 टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेला. माहिती फुटेल या धास्तीने अनेक संस्था चांगल्या डिस्क यंत्रात घालून चुरा करतात. डिस्कवरची माहिती आधीपासून कूटबद्ध असेल, तर तिची किल्ली नष्ट केली की माहिती गेलीच. डिस्क दुसऱ्याच्या कामी येऊ शकते. चुरा केलेल्या डिस्कमागचा निर्मितीचा कार्बन पुन्हा पहिल्यापासून सोसावा लागतो.

वीज कोणत्या वेळची?

मुंबईला एके काळी स्वच्छ विजेचा मोठा आधार होता. टाटांनी 1915 मध्ये खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू केलं ते मुख्यतः गिरण्यांसाठी. लोणावळ्याच्या धरणांतलं पाणी घाटाखाली सोडून केलेली वीज. पुढे भिवपुरी आणि भिरा इथली केंद्रं आली. शहराची भूक वाढत गेली तसा कोळसा आला आणि राहिला.

आज जवळपास प्रत्येक मोठी कंपनी सांगते, की आमची केंद्रं शंभर टक्के अक्षय ऊर्जेवर चालतात. ही जाहिरात खोटी नसते, पण ती कशी मोजली ते पाहावं. वर्षभरात जितकी वीज वापरली तितकीच सौर किंवा पवन वीज कुठेतरी विकत घेतली, की वर्षाचा मेळ बसतो. प्रत्यक्षात राजस्थानातलं सौर पॅनेल संध्याकाळी सातला झोपतं, आणि नवी मुंबईत महाप्यातला सर्व्हर रात्रभर चंद्रपूरच्या कोळशावर चालतो. गुगलने 2017 पासून दर वर्षी असा वार्षिक मेळ घातला. तरीही तिचं एकूण उत्सर्जन 2023 मध्ये 2019 च्या मानाने 48 टक्क्यांनी जास्त होतं, आणि कंपनीने ते स्वतःच्या अहवालात छापलं. म्हणून आता मोजमाप तासाच्या हिशेबाने व्हावं असा आग्रह आहे: ज्या तासाला वीज वापरली, त्याच तासाची, त्याच ग्रिडवरची स्वच्छ वीज.

तासाने मोजायला लागलं की बरंच सुचतं. बॅकअप, व्हिडिओचं रूपांतर, महिन्याचे अहवाल, मॉडेलला शिकवणं ही कामं अमुकच वेळी व्हायला हवीत असं नसतं. ती दुपारी, सौर वीज भरपूर असताना, उरकता येतात. गुगलने 2020 पासून घाईची नसलेली कामं अशी सरकवायला सुरुवात केली. आपल्याकडे बॅकअप रात्री दोन वाजता लावायची जी सवय आहे, ती ग्राहकाच्या सोयीची असली तरी ग्रिडच्या गैरसोयीची आहे.

आणि भूक?

2010 ते 2018 या काळात जगभरच्या डेटा सेंटर्सनी केलेलं काम साडेसहा पट झालं, पण त्यांची वीज फक्त 6 टक्क्यांनी वाढली, असं 2020 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकातल्या अभ्यासाने दाखवलं. मोठ्या केंद्रांकडे झालेलं स्थलांतर, व्हर्च्युअलायझेशन आणि सुधारलेला थंडावा, या तिन्हींचा त्यात मोठा हात. पण यातली सोपी फळं तोडून झाली आहेत, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने मागणीच बदलून टाकली आहे. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ विल्यम जेव्हन्स याने 1865 मध्ये लिहून ठेवलं होतं, की वाफेची इंजिनं काटकसरी झाली म्हणून कोळसा कमी लागला नाही, उलट वापर वाढला. स्वस्त झालेल्या प्रत्येक गोष्टीचं असंच होतं. म्हणून कार्यक्षमता हवीच, पण तिच्या जोडीला स्वच्छ वीज नसेल तर आकडा खाली येणार नाही. डब्लिनच्या परिसरात ग्रिड कंपनीने नव्या डेटा सेंटर्सना जोडणी देणं जवळपास थांबवलं होतं, कारण ही वाढती भूक ग्रिडला पेलवत नव्हती.

मग करायचं काय? हातातलं यंत्र असेल, तर ते शक्य तितकं जास्त वापरा: बॅटरी बदला, रॅम वाढवा, एसएसडी टाका, नवं घेणं दोन-तीन वर्षं पुढे ढकला. तुमच्या कंपनीत सर्व्हर असतील, तर कोणते रिकामे चालतात याची यादी मागा आणि ते बंद करा. डेटा सेंटरशी करार करणार असाल, तर भावाबरोबर तीन गोष्टी लेखी विचारा: वर्षभराचा प्रत्यक्ष पीयूई किती, पाणी किती लागतं, आणि स्वच्छ विजेचा हिशेब वर्षाचा आहे की तासाचा. सवलतीत जमीन आणि वीज देणाऱ्या सरकारनेही हेच तीन आकडे जाहीर करण्याची अट घालावी. नवी मुंबईतली प्रत्येक नवी इमारत पंचवीस-तीस वर्षं वीज मागत राहणार आहे. ती वीज कुठून येणार, हा प्रश्न पायाभरणीच्या आधी विचारला पाहिजे.